जपानी झारू मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात : निवड, वापर आणि निगा

तांदूळ धुऊन निथळत ठेवण्यासाठी आपल्याकडे रोवळी असे आणि जपानमध्ये झारू असते. दोन्ही वेळूच्या, दोन्ही गोल, आणि दोन्हींच्या विणीतून पाणी जाते व दाणा मागे राहतो. आपल्या बहुतेक घरांतून रोवळी गेली आणि तिच्या जागी भोकांची स्टीलची चाळण आली. जपानमध्येही स्टील आणि प्लास्टिक सर्वत्र आहे, तरी हाताने विणलेली झारू तिथल्या काही घरांत अजून रोजच्या कामाला लागते. आपल्या झाऱ्याशी तिच्या नावाचे साम्य हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा आहे, कारण दोघांचे काम निथळवण्याचेच.

माझ्याकडे पहिली झारू पुतण्याने जपानहून आणली. परभणीच्या मे महिन्यात मी ती धुऊन गच्चीवर भर दुपारच्या उन्हात पालथी घातली आणि चार दिवसांत तिच्या काठाचा बांध सुटला. दुसरी झारू मी श्रावणात ओलसर असतानाच स्टीलच्या डब्यांच्या मागे सारली आणि गौरी-गणपतीला बाहेर काढली तेव्हा तिच्या बुडाला काळे ठिपके पडलेले होते. दोन्ही चुका माझ्याच होत्या, आणि दोन्हींचे मूळ एकच होते : मी ऋतू पाहून निगा बदलली नव्हती. ही टोपली ज्या हवेत घडते त्या हवेपेक्षा आपली हवा उन्हाळ्यात फार कोरडी असते, पावसाळ्यात ती दमट होते, आणि इथे टोपलीची निगा त्या हिशेबाने बदलावी लागते. पुढील माहिती त्यासाठी लिहिली आहे.

कोणती टोपली कोणत्या कामाची

जपानी भाषेत टोपलीला सर्वसाधारणपणे कागो म्हणतात आणि पाणी निथळवण्याच्या टोपलीला झारू म्हणतात. झारूचे प्रकार बरेच आहेत, परंतु घरासाठी त्यांतले तीन-चार पुरतात. बोन-झारू ही ताटासारखी उथळ असते; वाळवण घालणे, उकडलेल्या भाज्या पसरून निववणे, भाकऱ्यांची वाफ जिरवणे ही तिची कामे. फुका-झारू खोलगट असते आणि पालेभाजी, कडधान्ये व फळे धुऊन निथळवण्यासाठी असते. कोमेआगे-झारू म्हणजे धुतलेले तांदूळ उपसून ठेवायची झारू. हिची वीण बारीक असते आणि हीच आपल्या रोवळीची खरी जपानी बहीण. काही ठिकाणी एका बाजूला तोंड काढलेली काताकुची-झारू मिळते, जिच्यातून तांदूळ थेट भांड्यात ओतता येतात. तिचा आकार आपल्या सुपाची आठवण करून देणारा आहे. याखेरीज मेशी-कागो नावाची झाकणाची आणि कडीची टोपली असे. उन्हाळ्यात शिजलेला भात आंबू नये म्हणून तो तिच्यात घालून वाऱ्याच्या जागी टांगून ठेवत. ज्यांच्या आजीच्या घरी आढ्याला शिंके होते आणि शिंक्यात भाकरीची दुरडी होती, त्यांना हिची ओळख करून देण्याची गरज नाही.

जपानमध्ये प्रदेशाप्रमाणे वेळू बदलतो आणि वेळूप्रमाणे टोपली बदलते. दक्षिणेकडील क्युशू बेटावर ओइता प्रांतात बेप्पू हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, उपचारासाठी तिथे मुक्काम करणारे लोक स्वतःचा स्वयंपाक करताना वेळूच्या टोपल्या वापरत आणि परत जाताना त्या विकत घेऊन जात. या गिऱ्हाइकावर तिथला विणकाम व्यवसाय वाढला. बेप्पूच्या वेळूकामाला १९७९ मध्ये जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला, आणि त्याआधी १९६७ मध्ये बेप्पूचेच शोनो शोउन्साई हे वेळूकामातले पहिले ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ (श्रेष्ठ कारागिरांना मिळणारा सरकारी मान) ठरले होते. तिथे मुख्यतः मादाके नावाचा पोकळ आणि लवचिक वेळू वापरतात. उत्तरेकडे इवाते प्रांतातील तोरिगोए भागात सुझुताके नावाच्या बारीक वेळूच्या टोपल्या होतात, तर नागानो प्रांतातील तोगाकुशी येथे नेमागारिदाके या डोंगरी वेळूपासून सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, वाढण्याची झारू विणतात. विकत घेताना विक्रेत्याला निदान एवढे विचारावे की वेळू कोणता आणि टोपली कुठली; ज्याला दोन्ही सांगता येत नाही त्याच्याकडची टोपली हातविणीची असेलच असे नाही.

निवडताना काय पाहावे

वेळूच्या कांडाची ताकद त्याच्या बाहेरच्या बाजूला असते. तिथे तंतू दाट असतात आणि सालीत सिलिका असल्यामुळे ती कठीण व गुळगुळीत असते. आतला भाग तुलनेने मऊ आणि पाणी शोषणारा असतो. म्हणून चांगली झारू सालीसकट काढलेल्या पट्ट्यांची असते, आणि स्वस्तातल्या टोपलीत सालीच्या पट्ट्या थोड्या व आतल्या गराच्या पट्ट्या जास्त असतात. उजेडात धरून पाहिल्यास सालीची पट्टी चकाकते आणि गराची पट्टी निस्तेज, केसाळ दिसते. गराची पट्टी वाईट म्हणून टाकून देण्यासारखी नसते. कांद्या-लसणाच्या कोरड्या टोपलीला ती चालते. परंतु रोज पाण्यात जाणाऱ्या टोपलीत ती लवकर काळी पडते.

त्यानंतर काठ पाहावा. टोपली बहुधा काठापासून तुटते, मधून क्वचितच तुटते. काठाच्या दोन कड्या वेळूच्या सालीने, वेताने किंवा तारेने बांधलेल्या असतात. वेताचा किंवा वेळूचा बांध असल्यास त्याचे वेढे सारख्या अंतरावर आणि घट्ट आहेत का, ते नखाने ढकलून पाहावे. तार असल्यास ती गंजणारी नाही याची खात्री करावी, कारण आपल्याकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साधी तार एका पावसाळ्यात तांबारते आणि तिचा डाग तांदळाला लागतो. मग टोपली उलटी करून बूड पाहावे. चांगल्या झारूच्या बुडाला दोन-तीन जाडसर पट्ट्या आडव्या सरकवलेल्या असतात. जपानी कारागीर त्यांना चिकारा-दाके म्हणजे ‘जोराचा वेळू’ म्हणतात. ओल्या धान्याचे वजन त्या पेलतात.

शेवटी हात फिरवावा. प्रत्येक पट्टीच्या कडा तासून बोथट केलेल्या असतील तर बोटाला काहीच टोचत नाही. कडा न तासलेल्या टोपलीत मेथी धुताना पाने फाटतात आणि केव्हा तरी कूस बोटात जाते. वासही घ्यावा. रंगाचा, रोगणाचा किंवा पॉलिशचा वास येणारी टोपली शोभेची समजावी आणि अन्नासाठी घेऊ नये.

रंगावरून फसू नये. हिरवट झारू कच्ची नसते. ती आओताके म्हणजे ताज्या हिरव्या वेळूची असते आणि वापराबरोबर हिरवी, पिवळी व मग काकवीसारखी होत जाते. फिकट हस्तिदंती रंगाची झारू ही तेल काढलेल्या वेळूची असते. त्यासाठी वेळू कॉस्टिक सोडा घातलेल्या पाण्यात उकळतात किंवा आचेवर शेकतात, वर आलेला तेलकट अंश पुसतात आणि मग उन्हात वाळवतात. रोजच्या पाण्याच्या कामाला मला हिरव्या वेळूची झारू अधिक सोयीची वाटते, कारण तिचा रंग बदलणारच असतो आणि डागांचे दुःख राहत नाही. शोभा हवी असेल त्यांनी फिकट घ्यावी आणि हळदीचा हात तिला लागू न देण्याची तयारी ठेवावी.

मापे अजूनही पुष्कळदा जुन्या जपानी परिमाणात सांगितली जातात : एक सुन म्हणजे सुमारे ३ सेंटीमीटर आणि दहा सुनांचा एक शाकू, म्हणजे सुमारे ३०.३ सेंटीमीटर, जवळजवळ आपला एक फूट. चार-पाच माणसांच्या घराला आठ सुनांची, म्हणजे सुमारे २४ सेंटीमीटरची खोल झारू आणि एक शाकूची उथळ बोन-झारू एवढ्या दोन पुरेशा आहेत. संच घेण्याचा मोह टाळावा, कारण न वापरलेली टोपलीच आधी खराब होते.

पहिला दिवस

नवी झारू आणल्यावर ती आधी थंड पाण्याने धुवावी, काथ्याने विणीच्या दिशेने हलके घासावी आणि मग तिच्यावर एक-दोन तांबे कढत पाणी ओतावे. कढत पाण्याने विणीतली धूळ व भुसा निघतो आणि सुरुवातीचा उग्र वासही कमी होतो. कुठे कूस वर आलेली असेल तर ती ओढू नये, कारण ओढल्यास ती लांबवर सोलत जाते. नखे कापण्याच्या कात्रीने ती मुळाशी कापावी. नंतर पंचाने टिपून सावलीत, वाऱ्याच्या जागी रात्रभर टांगून ठेवावी. तेल लावण्याची प्रथा काही जण सांगतात, पण अन्नाच्या टोपलीला तेल लावू नये. तेल विणीत शिरून खवट होते आणि त्यावर धूळ बसते.

रोजच्या कामात

तांदूळ झारूत घासून धुऊ नयेत. ते आधी पातेल्यात हलक्या हाताने दोन-तीन पाण्यांत धुवावेत आणि मग झारूत उपसावेत. टोपलीत चोळल्याने दाणा मोडतो, कणी विणीत अडकते आणि ती अडकलेली कणीच पुढे आंबट वासाचे कारण होते. उपसलेले तांदूळ अर्धा तास तसेच राहू द्यावेत. मसालेभातासाठी याचा फायदा डोळ्यांना दिसतो : वरचे पाणी गेलेले आणि आतून ओलावलेले तांदूळ फोडणीत परतताना चिकटत नाहीत व भात मोकळा होतो. स्टीलच्या चाळणीत तळाशी पाण्याचा एक पडदा धरून राहतो आणि खालचा थर ओलाच असतो. वेळूची पट्टी थोडे पाणी स्वतः शोषते, आणि विणीच्या उंचसखलपणामुळे दाणे एका पृष्ठावर चिकटून बसत नाहीत.

पालेभाजीला खोल झारू उत्तम. अंबाडी, चुका, करडई किंवा तांदुळजा पाण्याच्या घमेल्यात बुडवून माती खाली बसू द्यावी, वरून भाजी उचलून झारूत घ्यावी, आणि झारू दोन्ही हातांनी धरून दोनदा झटकावी. एका हाताने काठ धरून भरलेली झारू उचलणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि काठाचा बांध बहुधा त्याच जागी सुटतो.

मोड आणण्यासाठीही ती वापरता येते. भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून झारूत ठेवली आणि वरून दुसरे ओले फडके टाकले की खालून हवा मिळते, पाणी साचत नाही आणि मोड सारखे येतात. कडधान्य थेट विणीवर मात्र टाकू नये. मोड विणीत शिरतात आणि काढताना मोडतात.

जपानी स्वयंपाकातली एक रीत आपल्याकडे मुद्दाम उचलण्यासारखी आहे. तिला ओका-आगे म्हणतात. उकळत्या पाण्यातून काढलेली भाजी थंड पाण्यात न टाकता बोन-झारूवर एकेरी पसरून आपोआप निवू द्यायची. भाजी स्वतःच्या उष्णतेने कोरडी होते आणि पाणचट होत नाही. फ्लॉवरचे तुरे, गवार, शेवग्याच्या शेंगा, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा या सगळ्यांना ही रीत लागू पडते. वेचणी संपल्यावर उकडलेल्या शेंगा परातीत ओतल्या की खालच्या शेंगा पाण्यात राहतात. झारूवर त्या दहा मिनिटांत वरून कोरड्या होतात.

ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी तव्यावरून उतरवल्यावर मिनिट-दोन मिनिटे बोन-झारूवर ठेवावी आणि मग फडके घातलेल्या दुरडीत रचावी. भाकरीची पहिली वाफ अशी खालून निघून गेली की तळाची भाकरी ओली होत नाही. झारू ओट्यावर थेट ठेवल्यास वाफ तिथेच कोंडते, म्हणून तिच्याखाली दोन लाटणी किंवा रिकामे पातेले ठेवावे. धपाट्यांना आणि तेल लावलेल्या पोळ्यांना मात्र झारू वापरू नये. तेलाचा डाग जात नाही.

वाळवणाच्या बाबतीत जपानी घरांची आणि आपली रीत आश्चर्य वाटावे इतकी जवळ आहे. तिथे उमे नावाची आंबट फळे मिठात मुरवतात आणि पावसाळा सरल्यावर जुलैच्या अखेरीस बोन-झारूवर पसरून साधारण तीन दिवस उन्हात वाळवतात; यातून उमेबोशी तयार होते. मीठ आणि आंबटपणा धातूला खातो, वेळूला त्याचे काही होत नाही, आणि हवा वरून-खालून दोन्हीकडून लागते. आपल्याकडे मिठात मुरलेल्या कैरीच्या फोडी, सांडगी मिरची, लिंबाच्या फोडी यांसाठी ती याच कारणाने योग्य आहे. कुरडया आणि पापड यांना मात्र गच्चीवरचे धोतर किंवा जुनी साडीच बरी; एक शाकूच्या झारूत शेरभर चिकाच्या कुरडया घालत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.

धुणे आणि वाळवणे

काम झाले की झारू लगेच धुवावी, म्हणजे जेवणे होईपर्यंत मोरीत पडू देऊ नये. साधे पाणी आणि काथ्या एवढे पुरते. जपानमध्ये यासाठी ताडवर्गीय झाडाच्या तंतूंचा तावाशी नावाचा घट्ट गोळा वापरतात. आपला नारळाचा काथ्या त्याच कामाचा आहे, फक्त नवा काथ्या आधी पाण्यात मऊ करून घ्यावा. तारेची घासणी सालीवर चरे पाडते. भांड्यांचा साबण रोज लावण्याची गरज नाही. काही चिकट लागलेच तर थोडा साबण लावून लगेच भरपूर पाण्याने धुवावे. टोपली तासन्‌तास पाण्यात भिजत ठेवू नये आणि भांडी धुण्याच्या यंत्रात तर घालूच नये.

बोअरच्या पाण्याने धुतलेल्या टोपलीवर काही आठवड्यांत पांढुरकी पुटे चढतात. पंधरा दिवसांतून एकदा पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस मिसळून त्याने काथ्या फिरवावा आणि साध्या पाण्याने धुवावे. टाकीत साठवलेले पावसाचे पाणी असल्यास शेवटचे विसळणे त्याने करावे.

धुतल्यावर झारू झटकून, पंचाने टिपून, कडेवर उभी किंवा खुंटीला टांगून वाळवावी. ओट्यावर पालथी घालू नये, कारण काठ ओल्या फरशीला टेकतो आणि काठच सर्वांत उशिरा वाळतो. जपानी कारागीर सावलीत वाळवण्यास सांगतात. त्यामागचे कारण हे की पट्टीची साल आणि तिचा आतला भाग सारख्या वेगाने वाळत नाहीत. कडक उन्हात एक बाजू आधी आकसते आणि पट्टी चिरते.

आता मराठवाड्याच्या तीन ऋतूंविषयी सांगायचे. फाल्गुन उलटला की मृगापर्यंत आपली हवा इतकी कोरडी असते की धुतलेली झारू सावलीतसुद्धा दोन तासांत खडखडीत होते. या काळात बुरशीची भीती नसते, तडकण्याची असते. म्हणून उन्हाळ्यात टोपली उन्हात अजिबात ठेवू नये, आणि आठ-दहा दिवस वापरली गेली नसेल तर वापरण्यापूर्वी पाच मिनिटे पाण्यात बुडवून घ्यावी. कोरड्या पट्टीवर एकदम वजन पडले तर ती कडकन मोडते. ओली पट्टी वाकते. वाळवणासाठी ती बाहेर काढायचीच असेल तर सकाळी अकरापर्यंत उन्हात आणि दुपारी ओसरीत, असा क्रम ठेवावा. कूलरच्या झोतासमोर मात्र तिला टांगू नये. रात्री दमट आणि दिवसा कोरडे असे रोज झाल्याने बांध सैल होतात.

पावसाळ्यात उलटे होते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत सावलीत टांगलेली झारू दुसऱ्या दिवशीही आतून दमट राहू शकते. बुडाच्या जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात त्या जागी बोट दाबून पाहावे. गार लागले तर ती वाळलेली नाही. अशा दिवसांत उघडीप मिळेल तेव्हा अर्धा-एक तास कोवळे ऊन दाखवावे, नाहीतर पंख्याखाली ठेवावी. या तीन महिन्यांत झारू कपाटात ठेवूच नये. प्लास्टिकच्या पिशवीत तर कोणत्याही ऋतूत ठेवू नये.

हिवाळ्याविषयी विशेष काही सांगण्यासारखे नाही. ती हवा टोपलीला मानवते.

बुरशी, भुंगेरे आणि तुटलेली पट्टी

काळे किंवा हिरवे ठिपके दिसल्यास आधी कोरड्या ब्रशने घराबाहेर झटकावे, मग व्हिनेगरच्या पाण्याने घासावे, वरून उकळते पाणी ओतावे आणि त्याच दिवशी पूर्ण वाळेल अशी व्यवस्था करावी. ठिपक्यांचा डाग राहिला तरी चालतो. वास राहिला तर ती टोपली अन्नासाठी वापरू नये आणि कांदे ठेवण्यासाठी बाजूला काढावी.

टोपलीखाली पिठासारखा बारीक भुसा पडू लागला की वेळूला भुंगेरे लागले असे समजावे. हा किडा वेळूतील पिठूळ अंशासाठी येतो. म्हणूनच जपानमध्ये टोपल्यांचा वेळू शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत तोडतात, जेव्हा त्यातील पाणी आणि पिठूळ अंश कमी असतो, आणि कांड तीन वर्षांहून कोवळे घेत नाहीत. आपल्याकडे तोडलेला वेळू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे, तिचा हेतूही तोच. भुसा दिसताच टोपली मोठ्या घंगाळात उकळत्या पाण्यात काही मिनिटे बुडवावी, वर-खाली करावी आणि पूर्ण वाळवावी. कीटकनाशक फवारू नये, कारण आपण तिच्यात तांदूळ ठेवणार आहोत. जुन्या काळी चुलीवर टांगलेल्या टोपल्यांना कीड लागत नसे, त्याचे श्रेय धुराला आहे. जपानमध्ये गवती छपराच्या घरांत वर्षानुवर्षे शेगडीच्या धुराने तांबूस-तपकिरी झालेल्या वेळूला सुसुताके म्हणतात आणि त्याला मोठे मोल असते.

एखादी आडवी पट्टी मोडली म्हणून टोपली टाकू नये. मोडलेल्या पट्टीशेजारून तेवढ्याच रुंदीची ओली पट्टी, साल बाहेर ठेवून, तीन-चार घरे अलीकडून सुरू करून तीन-चार घरे पलीकडे नेली की ती विणीच्या दाबानेच धरून राहते. काठाचा बांध सुटल्यास पातळ वेत किंवा मेणवलेला सुती दोरा वापरावा. गोंद वापरू नये.

आपल्याच बाजारात विणून घेणे

जपानहून टोपली मागवणे प्रत्येकाला शक्य नाही आणि तशी गरजही नाही. आठवडी बाजारात बसणाऱ्या बुरूड कारागिराला ही वीण नवी नसते. त्याच्याकडे मागणीच डालग्यांची, सुपांची आणि लग्नातल्या दुरड्यांची येते म्हणून तो बारीक काम करीत नाही. त्याला नमुना किंवा छायाचित्र दाखवावे आणि पाच गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : पट्टी सालीची हवी, रुंदी तीन-चार मिलिमीटर हवी, कडा तासलेल्या हव्यात, बुडाला जोराच्या पट्ट्या हव्यात, आणि रंग नको. पट्टी चिरणे व तासणे यातच निम्म्याहून अधिक श्रम जातात, हे लक्षात ठेवून दर ठरवावा. डालग्याच्या दरात झारू मागणे हा कारागिरावर अन्याय आहे. शिवाय ही मागणी दिवाळीनंतर द्यावी. पावसाळ्यातल्या कोवळ्या वेळूची टोपली स्वस्त पडली तरी तिला भुंगेरे लवकर लागतात.

वेळूतही फरक आहे. किनवट-माहूरच्या रानात आढळणारी मानवेल ही जात खालच्या भागात जवळजवळ भरीव असते. तिच्या पट्ट्या मजबूत पण ताठ निघतात, त्यामुळे मादाकेसारखी कागदी पातळ वीण तिच्यात जमत नाही आणि टोपली थोडी जड होते. रोवळीच्या कामाला हे वजन आड येत नाही. शेतकऱ्याने बांधावर वेळू लावला असेल तर तोही कारागिराला देता येतो. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे.

स्वतः एक लहान वीण करून पाहायची असल्यास

पूर्ण झारू विणणे हे शिकवणीचे काम आहे. बेप्पूला त्यासाठी प्रांतिक प्रशिक्षण केंद्र आहे. गरम पातेल्याखाली ठेवायचे चक्र मात्र घरी जमते आणि त्यात जपानी टोपल्यांची मुत्सुमे-आमी म्हणजे सहा डोळ्यांची वीण हाताला कळते. कारागिराकडून ४० सेंटीमीटर लांब, अर्धा सेंटीमीटर रुंद आणि एक मिलिमीटरहून पातळ अशा १२ पट्ट्या चिरून आणाव्यात व अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात.

या विणीत तीन दिशा असतात : आडवी, उजवीकडे कललेली आणि डावीकडे कललेली. नियम असा की आडवी पट्टी नेहमी उजव्या कलाच्या वर, उजव्या कलाची पट्टी नेहमी डाव्या कलाच्या वर, आणि डाव्या कलाची पट्टी नेहमी आडवीच्या वर राहते. प्रत्येक दिशा एकीच्या वर आणि दुसरीच्या खाली असल्यामुळे सगळ्या एकमेकींना अडकवून धरतात आणि कुठेही गाठ लागत नाही. दोन आडव्या पट्ट्या एकमेकींपासून साडेतीन सेंटीमीटर अंतरावर ठेवाव्यात. उजव्या कलाच्या दोन पट्ट्या त्यांच्या खालून तेवढ्याच अंतराने सरकवाव्यात. डाव्या कलाच्या दोन पट्ट्या आडव्यांच्या वरून आणि उजव्या कलाच्या खालून न्याव्यात. मधोमध दोन सेंटीमीटर बाजूचा षट्‌कोन उमटला पाहिजे. पंचकोन किंवा चौकोन दिसला तर कुठे तरी वर-खालीचा नियम मोडला आहे, आणि ती पट्टी तिथेच उसवून परत घालावी, कारण पुढे ती चूक लपत नाही. उरलेल्या सहा पट्ट्या सहा बाजूंना एकेक, त्याच नियमाने आणि त्याच अंतराने वाढवाव्यात. पट्ट्या वाळू लागल्या की पाण्याचा हात फिरवावा. शेवटी काठाच्या वर आणि खाली वेळूची एकेक पातळ कडी बसवून, दर दोन सेंटीमीटरला सुती दोऱ्याने बांधून, चक्र एक रात्र पाट्याखाली दाबून ठेवावे आणि बाहेर आलेली टोके दुसऱ्या दिवशी, पट्ट्या पूर्ण वाळल्यावरच, कापावीत. ओली असताना कापलेली टोके वाळल्यावर आकसून दोऱ्यातून निसटतात.